घरगुती संडास

तुमी आत जाऊन आलात न्हवं ताई? बरश मारला का? पानी वतलं? मंग ह्ये घ्या तुमचं बूट, आन बसा आता. त्या पायरीवर नगा बसू, तितं सकाळीच कुनीतरी गुटखा थुकलाय, ह्या पाटावर बसा. चहा कोराच हाय, रविवारचं दूध पुरत न्हाई. बूट काढून घेतलं म्हनून रागावला न्हाईत ना? रागावत्यात लोक. त्ये बुटाचं म्होरं सांगते, आधी तुमी इचारलं त्ये सांगते, मी कुटली, कुनाची, ह्या धंद्यात कशी पडले. नाव कमल. जलम टाकवे बुद्रुकचा, तिकडं आंदर मावळात. बाप दुसऱ्याच्या भातखाचरात राबायचा, आमचा सोताचा म्हनाल तर एकच तुकडा, त्यो बी वढ्याकाठचा, पावसात निम्मा वाहून जायाचा. पन घर आमचं लख्ख, काय सांगू तुमाला, आई शेनानं अशी सारवायची की भुईवर भात वाढून खावा. दारात एक काडी पडल्याली तिला खपायची न्हाई. शेजारी कुनी नाक शिंकरलं तरी आईला हितं शिसारी यायची, आन तीच शिसारी माझ्यात उतरलीया. बाकी वारसा म्हनून माहेरचं काय मिळालं न्हाई.

लगीन होऊन आले ती हितं, लोहगडाच्या पायथ्याला. वाडीच्या खालच्या अंगाला, रस्त्याला लागून आमचं घर, म्होरं खाचरं, मागं गड. नवरा गवंडी. लोनावळ्याला बड्या लोकांचं बंगलं बांधाया जायाचा, जातो अजून. संध्याकाळी येऊन सांगायचा, आगं आज ज्या बंगल्यात टाइल बशिवली तितं मानसांपरीस संडास जास्त हायेत. मी म्हनायची, एवढं कशाला लागत्यात ओ? त्यो म्हनायचा, त्येंचं त्येंनाच म्हाईत. आन आमच्याकडं बघाल तर परसात योजनेतला एक संडास बांधून मिळालता, पन पान्याची सोय न्हाई, मंग त्यात आमी शेन्या आन लाकडं भरून ठेवलीती. पोरगी लगीन होऊन गेली, घरात ऱ्हायलो आमी दोघं आन मामंजी, म्हंजे माझं सासरं. सासू लवकरच गेलीती. मामंजींना भाकरी माझ्याच हातची लागायची, ह्ये ध्यानात ठेवा ताई, म्होरं त्येच दुखनं हाय. तव्यावरनं उतरली की थेट ताटात, जरा गार झाली की बाजूला सारायचं, म्हनायचं कमल, दुसरी टाक.

पूर्वी गडावर मानसं यायची ती तुरळक. आता पावसाळा लागला की शनवार-रविवारी रस्ता दिसत न्हाई, नुसत्या गाड्या, गाडीत मोठ्यानं गानी, भायेर ओली पोरं-पोरी. येऊ द्या की, गड काय आमच्या बापाचा न्हाई. पन घान? बाटल्या, कुरकुऱ्याची पाकिटं, कनसाची बुटकं, आन मंग येळ आली की शिरली आमच्या खाचरात, गोठ्यामागं, घरामागं. बाप्ये तर कुटं बी हुबं. बायांचं हाल बघवायचं न्हाईत, चौघी जनी छत्र्या आडव्या धरायच्या आन एकीला मधी बसवायच्या. कीव बी यायची आन किळस बी यायची. एका वर्सी लावनी चाललीती, गुडघाभर चिखल, हातात रोपं, आन हाताला लागलं कायतरी मऊ, फुगल्यालं. मला वाटलं घूस मेलीया. वर वढलं तर लेकराचं डायपर, पान्यानं टम्म झाल्यालं, आन त्यातलं सगळं माझ्या मनगटावरनं वगळत कोपरापातुर आलं. तितंच बांधावर ओकले मी. त्या हातानं त्या दिशी जेवले न्हाई. आन हीच मानसं मला इचारत्यात, मावशी इंद्रायनी तांदूळ हाय का, सेंद्रिय हाय का? व्हय बाबा, लय सेंद्रिय हाय, खत तुमीच घातलंय.

धंद्याची खाज मला पयल्यापास्नं. दुसऱ्याच्या बांधावर हाजरीनं जायाचं मला कवाच गोड लागलं न्हाई. सोताचं कायतरी मांडावं, त्ये सकाळी उघडावं, संध्याकाळी झाकावं, असं मनात घुमायचं. म्हनून मी खायाची टपरी टाकली. लिंबू सरबत, मक्याची कनसं, पिठलं-भाकरी. ह्या रस्त्याला तुमी बघितलं आसंल, समद्यांच्या पाट्यांवर एकच शबूद, घरगुती. घरगुती जेवन, घरगुती नाश्टा, चुलीवरचं घरगुती, ऱ्हायाची घरगुती सोय. शहरातल्या मानसाला घरगुती म्हनलं की पाघळायला व्हतं. मी बी लावली पाटी. पयल्या रविवारी एक बाई आली, गोरीपान, टोपीवाली, नवरा सोबत. पिठलं वाढलं, भाकरी वाढली, पयला घास मोडला आन लय गोडीनं इचारती, मावशी, तुमचं आडनाव काय हो? मी सांगितलं. का न सांगावं? आमी छप्पनच्या दीक्षेपासनं ताठ मानेनं सांगतो. तिनं घास परत ताटात ठिवला. भांडन न्हाई, शिवी न्हाई, काय न्हाई, नुसतं म्हनली, पोट जरा बिघडलंय माझं. पैसं दिलं आन गेली, आन म्होरल्या टपरीवर बसून कांदाभजी खात बसली, मला दिसंल अशी. शिवी दिली आसती तर मी बी दिली आसती, हिशेब मिटला आसता.

पन ऐका, खरं तर म्होरंच हाय. घटकाभरानं तीच बाई पळत आली. भज्यांनी पोट खरंच बिघडलं तिचं. छत्री वाकडी, तोंड पांढरं, म्हनती मावशी, बाथरूम हाय का हो तुमच्याकडं? प्लीज मावशी, लय अर्जंट हाय. भाकरी खायाला हिला माझं आडनाव पायजे व्हतं, आन आता हिला कायबी नगं, आडनाव नगं, गाव नगं, नुसतं दार पायजे. मला हसू बी आलं आन शिसारी बी आली. शेन्या भायेर फेकल्या, दोन बादल्या पानी दिलं, जा म्हनलं बाई. भायेर आली ती हात जोडून, देवासारख्या भेटलात म्हनली. मगाशी मी भाकरी वाढली तवा न्हवते व्हय देव? पन त्याच दिशी माझ्या डोक्यात उजेड पडला. खायाच्या धंद्यात ह्ये लोक मला जगू देनार न्हाईत, पन ह्यो दुसरा धंदा असा हाय की हितं कुनी आडनाव इचारत न्हाई. टपरी मोडली आन ठरवलं, संडास चालवायचा.

नवऱ्याला म्हनलं, तुमी दुनियेचं संडास बांधता, आता माझा बांधा. त्यो हासला, पन लागला कामाला. योजनेतला जुना व्हता त्यो मोठा केला, शेजारी दुसरा काढला. बंगल्यांतनं उरल्याल्या टाइली आनायचा, कवा निळी, कवा गुलाबी, एक भित फुलांची तर दुसरी संगमरवरावानी, तुमी बघितलंच आता. तळेगावास्नं कंपनीचं रिकामं ड्रम आनलं, कौलाला पन्हळ लावली, पाऊस थेट ड्रमात. बायांसाठी आत खुट्ट्या ठोकल्या, कारन पाठीवरच्या पिशव्या ठेवायच्या कुटं, दातात धरत्यात बिचाऱ्या. आरसा लावला. दारात गवती चहा लावला, पान चुरगाळून बादलीत टाकलं की वास जातो. मला एवढा आनंद टपरीतबी झाला न्हवता. येड लागल्यागत मी त्या फरशा घासायची, कोन आलं न्हाई तरी घासायची.

आन पाटी. पाटी नवऱ्यानं रंगवली. तसं त्येला लिव्हायला सांगितलं व्हतं, बायांसाठी सवच्छ संडास. पन त्यो मानूस रोज ह्या रस्त्यानं जातो, डोळ्याम्होरं समदीकडं घरगुती घरगुती, आन त्येला वाटलं पाटी म्हनलं की ह्यो शबूद पयला लिव्हावाच लागतो. त्येनं झोकात लिव्हलं, घरगुती संडास. मी कपाळाला हात लावला. पुसा म्हनलं, तर आइल पेंट, पुसतोय कशाचा. आन काय सांगू तुमाला, रविवारी गाड्या थांबाया लागल्या. पोरं उतरत्यात, पाटीसंगं फोटू काढत्यात, खिदळत्यात. खिदळता खिदळता एकाला लागती, मंग दुसऱ्याला लागती. धंदा पाटीच्या चुकीनं चालू झाला माझा.

आता मामंजींचं सांगते. बांधकाम चाललं तवर मामंजी खूश, घरात सोय झाली म्हनायचं. पाटी लागली तशी त्येंनी वाचली. म्हनलं, कमल, ह्ये भायेरच्यांसाठी हाय? मी म्हनलं, व्हय मामंजी. मंग धुनार कोन? मी म्हनलं, बघू की. त्ये म्हनलं, त्ये आधी ठरव. एवढंच बोललं आन काठी टेकत गेलं. मी मनावर घेतलं न्हाई. पयला मोठा रविवार झाला, गर्दी उसळली, आन संध्याकाळी मी दार उघडलं. आता तुमी चहा पिताय म्हनून जास्त सांगत न्हाई. पन शिकल्याली मानसं, गळ्यात कार्ड घालून हापिसात जानारी, इंग्रजी बोलनारी, भितीवर काय, दारावर काय, पान्याचा ड्रम हाताशी आन एक तांब्या वतायची इच्छा न्हाई. कुनी फरशीवरच. कापडं, पिशव्या, नगं नगं त्ये बायांचं कागदात न गुंडाळता कोपऱ्यात फेकल्यालं. नाकाला पदर बांधला, बादली घेतली, खराटा घेतला आन लागले. मधी दोनदा भायेर येऊन ओकले. तिसऱ्यांदा भायेर आले तर दारात मामंजी हुबं.

त्ये काय वरडलं न्हाईत. त्येंनी बादलीकडं बघितलं, माझ्या हाताकडं बघितलं आन सांगाया लागलं. त्येंचा बाप गावची मेल्याली ढोरं वढायचा. मामंजी तवा एवढंसं पोर, बापाच्या अंगाचा वास सांगत व्हतं, की बापाजवळ झोपायचं भ्या वाटायचं. मंग दीक्षा झाली, वस्तीतल्या मानसांनी ठरवलं की आता ह्या हातांनी दुसऱ्याची घान उचलायची न्हाई, आन त्येंच्या बापानं ढोरं वढायचा दोर समद्यांसमोर वढ्यात टाकला. काम बंद केलं म्हनून गावातल्यांनी दानं बंद केलं, रानात येऊ देईनात. मामंजी म्हनलं, पाला उकडून खाल्ला, पन त्यो दोर बापानं परत हातात घेतला न्हाई. आन तू, माझ्या बापाच्या घरात, पाटी लावून, त्यो दोर वढ्यातनं परत काढलास. मी बोलाया गेले की आवो मामंजी ह्यो धंदा हाय, ह्यात मालकीन मी हाय. त्ये म्हनलं, मालकीन आसशील, हात कुनाचं भरल्यात त्ये बघ.

त्या दिवसापास्नं मामंजींनी माझ्या हातचं खायाचं सोडलं. आमच्या हातचं आजवर भायेरची मानसं खात न्हवती, त्येची सवय व्हती मला. आता घरातलं मानूस खाईना. कसं वाटलं आसंल सांगा? मामंजींनी तीन दगडं मांडली परसात, सोता पीठ मळायचं, सोता थापायचं, ऐंशीला टेकल्यालं मानूस, भाकरी कच्ची तरी ऱ्हायाची न्हाई तर करपायची, बोटं भाजायची. मी म्होरं जाऊन हात जोडलं, नवरा बोलला. मामंजी नुसतं मान हालवायचं. मी कडकडून आंघूळ करायची, हाताला राख घासायची, लिंबू घासायची, मलाच माझ्या हाताची किळस याया लागली. आठवडाभर दाराला कुलूप घातलं. धंदा सोडावा तर जीव तुटतो, चालवावा तर घरात मानूस उपाशी.

कुलूप आसतानाच एक दिस शहरातल्या पोरींचा घोळका आला. त्यातली एक पाटी वाचून हासत म्हनती, मावशी, घरगुती संडास म्हंजे काय ओ? माझं डोकं आधीच फिरल्यालं. मी म्हनलं, घरगुती म्हंजे घरच्यावानी. घरी तुमचा संडास कोन धुतं? मला वाटलं म्हनंल मी धुते, आई धुती. ती म्हनती, आमच्याकडं बाई येती. मी म्हनलं, मंग आज तुमच्याकडं बाई न्हाई. जायाचं तर जा, पन धुवून भायेर यायचं, न्हाई तर त्यो मागं डोंगर हाय. रागानं बोलले ओ, इचार करून न्हाई. पन पोरी एकमेकींकडं बघाया लागल्या आन एक म्हनली, द्या मावशी बरश. लाज न्हाई, कुरकुर न्हाई. धुतलं तिनं, आन भायेर येऊन म्हनली, आमच्या घरच्यापेक्षा चकाचक झाला. मी तिथंच ठरवलं, धंदा चालनार तर असाच चालनार, न्हाई तर न्हाई. आपल्या घरातला हात त्येला लागनार न्हाई. त्या येड्या पाटीला अर्थ आला.

पन लोक कसलं चिवट! व्हय व्हय म्हनायचं आन घान करून मागल्या मागं पसार. मंग मी बुटाची युक्ती काढली. चिखलाचं बूट भायेर काढायचं, माझ्या रबरी चपला घालून आत जायाचं, बूट माझ्या ताब्यात. धुतलं, मी दारातनं बघितलं, की बूट परत, आन वर कोरा चहा फुकट. चहा माझ्या हातचा. पित्यात ओ आता, हात सोता घान धुवून आल्यालं आसत्यात ना, मंग आडनाव इचाराया तोंड ऱ्हात न्हाई. पन लय शिव्या खाल्ल्या. एक जन म्हनला, पैसे देतोय ना, तू धू. एक म्हनला, तुमचं कामच हाय त्ये. निम्मं गिऱ्हाईक बरश बघून उलटं फिरायचं. मंग मी सुकं मोजं इकाया ठेवलं, पाऊसभर त्येंच्यावर निभावलं. ओल्या बुटात घालाया रद्दी दिली. बायकांचे घोळके मातर चिकटले, त्या एकमेकींना सांगून येत्यात, लोहगड केला की कमलमावशीकडंच थांबायचं म्हनत्यात. असं तगलं.

मामंजी मातर माझ्या हातचं जेवत न्हवतं. मी सांगितलं, आता मी हात लावत न्हाई, लोक सोता धुत्यात. त्ये म्हनलं, आन न्हाई धुतलं कुनी तर? कुलूप घालशील? गिऱ्हाईक परत लावशील? तवा तूच खराटा घेशील, धंदा लय वाईट आसतो कमल. मला राग आला, पन ताई, मनात मलाबी खातरी न्हवती.

खालच्या वळनावर एक हाटेलवाला हाय, भायेरचा, आमच्या नंतर आला. माझं बघून त्येनं बी संडास बांधलं, चकाकनारं, फुकट. एका शुक्रवारी त्यो आमच्याकडं आला, पांढरी गाडी, कातडी बूट. मामंजी ओट्यावर बसल्यालं. मला वाटलं पाटीवरनं भांडाया आला. तर लय गोडीनं म्हनतो, आबा, एक काम व्हतं. मला साफसफाईला मानसं मिळंनात, तुमच्या वस्तीतली दोन-चार मानसं द्या, पगार चांगला देतो, तुमाला काय, सवय हाय. सवय हाय! मामंजींच्या तोंडावर! माझ्या हातात तांब्या व्हता, वाटलं टाळक्यात घालावा. मामंजींनी त्येच्याकडं पाठ फिरवली.

आन निघता निघता त्येलाच लागली. काय त्ये सोंग! म्हनतो जरा जाऊन येतो. मामंजी उठलं, काठी टेकत आलं, त्येला म्हनलं, बूट काढा, चपला घाला, घरगुती हाय. त्यो हासत हासत गेला आत. आला तवा नाकाला रुमाल. मामंजींनी आत डोकावलं, बरश म्होरं केला. म्हनलं, धुवा. त्यो म्हनला, आबा मस्करी करता का? धुवा, मंग बूट. त्याचं तोंड लाल झालं. मला ओळखत न्हाईस तू, म्हनला. मामंजी म्हनलं, आता चांगलं ओळखलं. आन ताई, तुमाला खोटं वाटंल, त्यो मानूस तसाच माझ्या रबरी चपलांनी गाडीत बसला आन गेला. म्हागाचं बूट सोडलं, पन सोताच्या घानीवर तांब्याभर पानी वतलं न्हाई. एवढी शिसारी मला त्या डायपरची बी आली न्हवती.

दुसऱ्या दिशी शनवार. दुसरा संडास चेंबर तुंबून बंदच व्हता, म्हंजे चालू ह्यो एकच, आन त्यात त्या मानसाची घान. मी दाराला कडी घातली. गाड्या याया लागल्या. माझ्या नेहमीच्या बाया आल्या, मावशी उघडा ना. बंद हाय. कळवळल्या त्या, एकीच्या डोळ्यात पानी आलं. चार बादल्यांचं काम व्हतं ओ, माझा हात सारखा खराट्याकडं जायाचा. वाटायचं कोन बघतंय, मामंजी डुलकी काढत्यात, पटकन मारावा. पन मी पदर खवून ओट्यावर बसून ऱ्हायले आन येईल त्येला सांगितलं, बंद हाय, एकानं धुतलं न्हाई. समदी मानसं माझ्या डोळ्यादेखत खाली त्या हाटेलवाल्याच्या फुकट संडासाकडं गेली. रविवार बी तसाच. दोन दिसांत माझा एवढ्या दिसांचा जमल्याला धंदा वळनाखाली उतरून गेला. मी रडले. रागानं रडले, ह्या लोकांपायी कशाला माझा जीव घालावा म्हनून रडले.

रविवारी सांजच्याला मी चुलीम्होरं बसले तर मामंजी येऊन पाटावर बसलं. त्येंची ती तीन दगडं परसात गार. म्हनलं, कमल, भाकरी टाक. मला आधी उमजलंच न्हाई. परत म्हनलं, आगं टाक की, भूक लागलीया. थापायच्या घाईत पयली मोडली, तीच दिली, गरम व्हती. दुसरी टाक म्हनलं. जेवलं, पानी प्यालं, आन ताट उचलून मोरीकडं निघालं. जल्मात कवा ताट उचललं न्हाई त्या मानसानं. मी म्हनलं, आवो ठेवा मामंजी, मी धुते की. त्ये म्हनलं, घरगुती हाय ना? आन आपलं खरकटं आपल्या हातानं राखेनं घासून, इसळून, पालथं घातलं.

सोमवारी नवऱ्यानं अक्कल चालवली. पन्हळीचा पाइप ड्रमातनं काढला आन खिडकीतनं आत सोडला. आमचा पाऊस तुमाला म्हाईत हाय, दिसभर धो धो त्येनंच धुतलं, मानसाचा हात लागला न्हाई. मंगळवारी दार उघडलं. गिऱ्हाईक हळूहळू परत आलं, कारन खाली त्या फुकटातल्याकडं आता नाक दाबून बी जाववत न्हाई. आमच्या वस्तीतलं कुनी गेलं न्हाई त्येच्याकडं. लांबच्या कुटल्या मुलखातनं दोघं आनल्यात त्येनं, त्येंच्या हातात मी खराटा बघते आन तोंड फिरवते, त्येंचा बी कुनीतरी बाप आसंल ना, त्येंनी कुटं दोर टाकावा?

तसं काय बदललंय म्हनाल तर काय न्हाई. आज बी सोमवारी मी खाचरात काठी घेऊन फिरते आन काय काय सापडतं त्ये सांगत न्हाई. माझी लोकांबद्दलची शिसारी काय जानार न्हाई, ती माझ्यासंगंच जाईल. पन दार माझं उघडं हाय. मामंजी शनवार-रविवारी हितं बसत्यात, बूट सांभाळत्यात, त्ये बघा, तुमचं बूट त्येंनीच पुसून ठेवल्यात. आन पाटीखाली खिळ्याला टांगल्यात त्ये त्या हाटेलवाल्याचं, बुरशी आलीया आता, पन मामंजी काढू देत न्हाईत, म्हनत्यात येईल त्यो, धुवंल आन नेईल. निघालात? बरं. जपून उतरा, शेवाळ हाय. चांगलं व्हवो तुमचं, सुकात ऱ्हावा. आन ताई, त्यो चहाचा कप तेवढा मोरीवर इसळून ठेवा.